थ्रॉटल सेन्सर बदलण्याआधी आणि बदलताना

दुसऱ्या गिअरमध्ये गाडी आहे, अ‍ॅक्सिलरेटरवर जरासा पाय ठेवलात आणि गाडीने आचका दिला. पाय तिथेच धरला तर कुथत राहते, आणखी थोडा दाबला तर अंगात आल्यासारखी सुटते. इंजेक्शनच्या जुन्या पेट्रोल गाडीत हे सुरू झालं की ओळखीतलं कुणीतरी हमखास सांगतं, "टीपीएस गेला असेल, बदलून टाक." टीपीएस म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर. सांगणाऱ्याचं बरोबरही असू शकतं. मी एकदा असंच ऐकून नवा सेन्सर बसवला. आचके जसेच्या तसे राहिले, आणि दोन आठवड्यांनी दोष सापडला तो कनेक्टरपासून चार बोटांवर, वायरीत. वरचं प्लास्टिक शाबूत, आतली तांब्याची तार तुटलेली.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी मीटर, मग स्क्रूड्रायव्हर. सेन्सर बदलायला अर्धा तास पुरतो. तोच गुन्हेगार आहे हे सिद्ध करण्यातच खरा वेळ जातो, म्हणून या लेखातही जास्त जागा त्यालाच दिली आहे.

हा सेन्सर करतो काय

इंजिनात जाणारी हवा थ्रॉटल बॉडीतून जाते. तिच्या आत एक गोल पत्र्याची झडप असते, तिला बटरफ्लाय म्हणतात. झडपेच्या दांड्याच्या एका टोकाला अ‍ॅक्सिलरेटरची केबल आणि दुसऱ्या टोकाला बहुतेक वेळा हा सेन्सर. झडप किती उघडी आहे एवढंच तो ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळवतो.

जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण आठवा. आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावरून घासत जाणारी धातूची जीभ. जुना सेन्सर आतून नेमका तसाच असतो. ईसीयू पट्टीला ५ व्होल्ट देतो, जीभ जिथे टेकलेली असेल तिथलं व्होल्टेज परत पाठवते. झडप बंद असताना साधारण ०.५, पूर्ण उघडल्यावर साधारण ४.५. दोन्ही टोकांना मुद्दाम थोडी जागा सोडलेली असते, म्हणजे ईसीयूला थेट ० किंवा थेट ५ दिसलं की वायर तुटली किंवा कुठेतरी चिकटली हे त्याला ओळखता येतं.

रेडिओचं बटण जुनं झालं की नेहमीच्या आवाजाच्या जागेवरच खरखरतं, कारण जीभ सर्वांत जास्त तिथेच घासलेली असते. गाडीतही तसंच. बहुतेकांचा पाय सदासर्वकाळ आयडलच्या (पेडल न दाबता इंजिन चालतं त्या स्थितीच्या) थोडासा वर असतो, म्हणून पट्टी तिथे झिजते. त्या जागेवर जीभ आली की क्षणभर सिग्नल नाहीसा होतो, ईसीयूला वाटतं पाय उचलला, तो पेट्रोल कमी करतो, आणि तुम्हाला आचका बसतो.

तपासाचा सर्वांत मोठा धागा यातच आहे. आचका पायाच्या ठराविक जागेवर येतो का ते पाहा. गिअर कुठलाही असो, चढ असो वा सपाट, पेडल तेवढंच दाबल्यावर तोच आचका येत असेल तर संशय टीपीएसवर. चढावर, ओझं असताना वाढत जात असेल तर आधी प्लग, प्लगच्या वायरी आणि पेट्रोल पंपाकडे पाहा. नुसतं आयडलिंग वरखाली होत असेल तर काजळी धरलेली थ्रॉटल बॉडी, आयडलचा व्हॉल्व्ह किंवा फुटलेला व्हॅक्यूम पाइप हे माझे आधीचे संशयित.

टीपीएसची आणखी काही लक्षणं: चौकातल्या सिग्नलला पाय उचलताच इंजिन बंद पडणं, ऑटोमॅटिक गाडी विनाकारण गिअर वरखाली करणं, आणि एक चक्रावणारं लक्षण म्हणजे गाडी स्टार्टच न होणं. कित्येक इंजेक्शन गाड्यांत अशी सोय असते की स्टार्टर फिरताना पेडल पूर्ण दाबलेलं दिसलं की ईसीयू पेट्रोल बंद करतो, म्हणजे ओव्हरफ्लो झालेलं इंजिन सुकावं. सेन्सर खोटंच "पूर्ण उघडं" सांगत असेल तर स्टार्टर फिरत राहतो आणि इंजिन पकडत नाही. अशा वेळी सेन्सरचा कनेक्टर काढून एकदा स्टार्ट मारून पाहा. ईसीयू अंदाजाने काम चालवतो. कनेक्टर काढल्यावर गाडी उलट बरी चालली, तर शंका बरीच पक्की. चेक इंजिनचा दिवा लागेल, तो नंतर घालवता येतो.

आधी तुमच्या गाडीत कुठला प्रकार आहे ते बघा

तीन वायरी असतील तर वर सांगितलेला साधा सेन्सर. चौथी वायर असेल तर बहुतेक वेळा ती आयडल स्विचची, म्हणजे झडप पूर्ण बंद असल्याचं वेगळं सांगणारी. फार जुन्या काही गाड्यांत कार्बनपट्टी नसतेच, फक्त दोन स्विच असतात, एक आयडलचा आणि एक पूर्ण उघडल्याचा. झडप हाताने किंचित उघडली की 'टिक' असा आवाज येतो. तिथे व्होल्ट मोजण्यात अर्थ नाही, स्विच जोडतो-तोडतो का तेवढं पाहायचं.

पेडलपासून थ्रॉटलपर्यंत केबलच नसेल, तर झडप मोटरने चालते. त्यात दोन सेन्सर एकत्र असतात आणि बहुतेक ठिकाणी सगळी थ्रॉटल बॉडीच बदलावी लागते. तो या लेखाचा विषय नाही. एवढंच सांगतो: चावी ऑन असताना त्या झडपेत बोट घालू नका. मोटर झडप फटकन मिटवते.

तपासणी

हवं काय: डिजिटल मीटर, दोन बारीक टाचण्या, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, स्वच्छ फडकं आणि तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. वायरींचे रंग आणि नेमके आकडे त्यातलेच खरे. मी देतोय ते सर्वसाधारण आहेत.

स्कॅनर असेल तर ईसीयूने नोंदवलेले दोषाचे कोड आधी वाचून घ्या. टीपीएसचे नेहमीचे कोड पी०१२० ते पी०१२४. त्यातला पी०१२२ म्हणजे सिग्नल फार कमी, पी०१२३ म्हणजे फार जास्त, पी०१२४ म्हणजे मधूनमधून तुटणारा. सगळ्या गाड्यांत असे कोड एकाच रीतीने देणारी ओबीडी-२ पद्धत अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून सक्तीची झाली, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१पासून. त्याआधीच्या कित्येक गाड्यांत तपासणीच्या सॉकेटमधल्या दोन पिना जोडून चेक इंजिनच्या दिव्याची उघडझाप मोजावी लागते. कोड कसाही वाचा, तो सर्किटबद्दल बोलतो. पी०१२२ दिसला म्हणजे सेन्सर मेला असं ठरत नाही. तुटक्या वायरीनेही हाच कोड येतो.

१. चावी बंद. कनेक्टरचं कुलूप दाबून तो सरळ ओढा, वायरींना धरून ओढू नका. पिनांवर हिरवट पूड, तेल, पाणी आहे का? एखादी पिन मागे सरकली आहे का? कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, तीन-चार वेळा लावा-काढा. काही जणांचं काम इथेच संपतं.

२. कनेक्टर काढलेलाच ठेवून चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. मीटर डीसी २० व्होल्टवर. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब गाडीकडच्या कनेक्टरच्या एकेका पिनेला. एका पिनेवर ५च्या आसपास आलंच पाहिजे. (काही गाड्यांत सिग्नलच्या पिनेवरही व्होल्टेज दिसतं, म्हणून मॅन्युअलमधला रंग बघूनच निर्णय घ्या.) ५ व्होल्ट येतच नसतील तर नवा सेन्सर आणून उपयोग शून्य. बऱ्याच गाड्यांत हेच ५ व्होल्ट इतर सेन्सरनाही वाटून दिलेले असतात आणि त्यातला एखादा आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचेच जातात. बाकीचे सेन्सर एकेक करून काढा. ज्याला काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो चोर.

३. कनेक्टर परत लावा. आता टाचणी कनेक्टरच्या पाठीमागून, वायरीच्या कडेने हळूच आत सरकवा. वायरीला भोक पाडून मोजायची सवय लावून घेऊ नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि काही महिन्यांनी तांबं हिरवं पडून नवाच दोष जन्माला येतो. अर्थच्या वायरीवर लाल प्रोब, काळा बॅटरी निगेटिव्हवर. काही मिलिव्होल्टच दिसायला हवेत. ०.१च्या वर गेलं तर अर्थ कच्चा आहे, आधी तो दुरुस्त करा. आणि हो, बल्बवाला टेस्टर या वायरींना लावू नका. तो जेवढा करंट ओढतो तेवढा ईसीयूला सोसत नाही.

४. आता मुख्य परीक्षा. लाल प्रोब सिग्नलवर. झडप बंद असतानाचा आकडा लिहून ठेवा. मग केबलचं चाक हाताने अगदी सावकाश फिरवा, बंदपासून पूर्ण उघडेपर्यंत निदान दहा सेकंद लागतील इतकं सावकाश. आकडा पायरीपायरीने चढत गेला पाहिजे: ०.५२, ०.५८, ०.६४, ०.७१... आणि ०.७१नंतर मध्येच ०.०९ दिसून पुन्हा ०.८० आला, तर पट्टीतला खड्डा तुम्हाला सापडला. चाक त्याच जागी एक-दोन मिलिमीटर पुढेमागे करून बघा. तीच उडी पुन्हापुन्हा यायला हवी. डिजिटल मीटर आळशी असतो, क्षणभराची उडी गिळून टाकतो. घरात जुना काट्याचा मीटर पडला असेल तर या कामाला तोच सरस. काटा थरथरलेला लगेच दिसतो.

५. उडी दिसली नाही तर सेन्सरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा. तरीही नाही तर हेअर ड्रायरने सेन्सर गरम करून परत फिरवा. काही सेन्सर थंड असताना शहाण्यासारखे वागतात.

६. झडप एका जागी धरून वायरींचा जुडगा कनेक्टरपासून मागेमागे हलवत जा. आकडा नाचला तर वायर. माझ्याकडे हाच प्रकार होता, आणि ही परीक्षा मी सेन्सर विकत घेतल्यानंतर केली.

७. कुणालातरी आत बसवून पेडल पूर्ण दाबायला सांगा. हाताने ४.५ येतात आणि पेडलने ३.७, तर केबल सैल झालीय किंवा पेडलखाली मॅट अडतेय. "गाडी पिकअप घेत नाही" या तक्रारीचा मॅट काढून निकाल लागलेला मी पाहिला आहे.

ओहममध्येही मोजता येतं: कनेक्टर काढून सेन्सरच्या ५ व्होल्ट आणि अर्थच्या पिनांमध्ये काही हजार ओहम स्थिर दिसतात, झडप फिरवली तरी बदलत नाहीत. पण पुढच्या काळातले काही सेन्सर चुंबकावर चालतात, त्यात घासणारं काहीच नसतं. त्यांना ओहम लावून काही कळत नाही. व्होल्टची परीक्षा दोन्हींना चालते.

दुरुस्ती की बदली?

वायर तुटली असेल तर दुरुस्तीच. खराब तुकडा कापा, तेवढ्याच जाडीची वायर सोल्डरने जोडा, श्रिंक ट्यूब चढवा आणि थोडी ढील ठेवा. वायर ताणली की तुटते, पहिल्यांदाही बहुधा तशीच तुटलेली असते.

झिजलेला सेन्सर उघडून साफ करण्याचे सल्ले खूप मिळतील. काही दिवस फरक पडतोही. पण गेलेला कार्बन पुसून परत येत नाही, आणि हायवेवर ओव्हरटेक करताना दगा देणारा भाग मी तरी गाडीत ठेवणार नाही. भंगारातून काढलेला सेन्सरही त्याच वयाचा, त्याच जागी झिजलेला असण्याची शक्यता मोठी.

नवा घेताना जुन्यावरचा पार्ट नंबर जुळवा. नुसतं दिसणं जुळून भागत नाही. एकसारखे दिसणारे पण उलट दिशेने फिरणारे सेन्सर असतात. आणि सेन्सर कार्बनपट्टीचा असेल तर बसवण्याआधी टेबलावरच सिग्नल आणि अर्थच्या पिनांना मीटर लावून बोटाने फिरवून पाहा. ओहम सलग चढत-उतरत नसतील तर तो नवाच खराब आहे. डुप्लिकेट मालात हे होतं.

बदलताना

इंजिन गार होऊ द्या, चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. जुन्या रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा.

एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढला की थ्रॉटलचं तोंड उघडं पडतं. त्यात लगेच फडकं कोंबा, मोठं आणि भडक रंगाचं, म्हणजे काढायचं विसरणार नाही. आत पडलेल्या स्क्रूची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते.

जुन्या सेन्सरच्या कडेने मार्करने रेघ मारा आणि फोटो काढा.

आता स्क्रू. सगळ्या कामात इथेच लोक अडकतात. दोन बारीक स्क्रू, बहुतेकदा चिकटद्रव लावून घट्ट केलेले, आणि डोकं मऊ. बिट अगदी तंतोतंत बसणारी घ्या. जपानी गाड्यांतले चार पाकळ्यांचे स्क्रू नेहमीच्या स्टार स्क्रूसारखे दिसतात, पण त्यांची खाच वेगळ्या मापाची असते. साधा स्क्रूड्रायव्हर त्यातून उसळून वर येतो आणि डोकं गोल करतो. जेआयएस, म्हणजे जपानी मापाची बिट मिळते, ती वापरा. जोर फिरवण्यापेक्षा दाबण्यावर जास्त द्या. हलत नसेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवा. उष्णतेने चिकटद्रव सैल पडतं. हातच पोचत नसेल तर सरळ थ्रॉटल बॉडी खाली उतरवा आणि तिचं गॅस्केट नवं घाला.

सेन्सर सरळ बाहेर ओढा. दांड्याचं टोक चपटं किंवा 'डी' आकाराचं दिसेल. बसायची जागा फडक्याने पुसा. कार्ब क्लीनरचा फवारा नव्या सेन्सरवर उडू देऊ नका. ओ-रिंग असेल तर ती जागेवर आहे ना पाहा.

नवा बसवताना स्क्रूची भोकं लगेच जुळत नाहीत, आणि नवखा माणूस इथे घाबरतो. सेन्सर थोडा तिरका लावायचा, दांड्याचं टोक त्याच्या खाचेत बसू द्यायचं, आणि मग सेन्सर फिरवून भोकं जुळवायची. फिरवताना स्प्रिंगचा हलका विरोध हाताला जाणवला पाहिजे, सोडल्यावर तो मागे यायला हवा. विरोध लागला नाही किंवा कट्टकन अडलं, तर टोक खाचेच्या चुकीच्या बाजूला गेलंय. काढा, परत लावा. जबरदस्तीने स्क्रू आवळलेत तर आतली जीभ मोडेल किंवा झडप उघडीच अडकेल.

स्क्रू हाताने लावा, अजून कसू नका. चाक हाताने पूर्ण उघडा आणि सोडा. झडप दोन्ही टोकांना मोकळी जाऊन टणकन मिटली पाहिजे. ही खात्री झाल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही.

भोकं गोल असतील तर जुळवणी नाही. स्क्रू मनगटाच्या जोराने कसा, बंद स्थिती ईसीयू स्वतः शिकतो. भोकं लांबट असतील तर बॅटरी जोडून चावी ऑन करा, टाचणी सिग्नलवर लावा आणि मॅन्युअलमधला बंद स्थितीचा आकडा येईपर्यंत सेन्सर केसभर केसभर फिरवा. वैताग पुढे आहे: ०.५०वर आणून स्क्रू कसला की ०.५६ होतो. मग दोन्ही स्क्रू आलटून पालटून थोडेथोडे कसायचे आणि कसताना होणारी सरक आधीच वजा धरायची. मला कधीच पहिल्या फटक्यात जमलेलं नाही. चार वायरींच्या सेन्सरमध्ये आयडल स्विच कुठे तुटावा हे फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, ठरवतात, त्याची मापं मॅन्युअलमध्येच पाहा.

या भानगडीत आकडा जुळवायला थ्रॉटलच्या स्टॉपचा स्क्रू (बंद झडप ज्याला टेकून थांबते तो) फिरवायचा मोह होतो. कारखान्यात लावून वर बहुधा रंगाचा ठिपका दिलेला तो स्क्रू आहे. त्याला हात लावू नका.

फडकं काढा. पाइप घट्ट बसवा, क्लिप सैल राहिली तर हवा आत ओढून नवाच गोंधळ सुरू होतो. जुना कोड पुसा. एसी, दिवे बंद ठेवून इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत आयडलवर चालू द्या. बॅटरी सोडवली होती म्हणून सुरुवातीला आयडलिंग जरा वेडंवाकडं होईल. काही गाड्यांना शिकवण्याची ठराविक पद्धत असते, तीही मॅन्युअलमध्ये सापडते. मग मोकळ्या रस्त्यावर नेऊन पाय नेमका त्याच जागी धरा जिथे आचका यायचा.

आणि जुना सेन्सर लगेच कचऱ्यात टाकू नका, झाकण फोडून आत पाहा. कार्बनपट्टीचा बाकी भाग काळा मंद दिसेल, आणि एका टोकाकडे बोटाच्या नखाएवढी जागा घासून चकचकीत झालेली. तुमचा पाय इतकी वर्षं तिथे होता.